सत्त्याण्णव सालचा टेम्पो

मंडळी, जुनी पिकअप घेऊन ती विकांताला दुरुस्त करत बसणं हा पैसे वाचवायचा मार्ग आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका. असं सांगणारा एकतर स्वतःची गाडी विकायला निघालेला असतो, नाहीतर त्याने पावत्या टाकून दिलेल्या असतात. मी पावत्या ठेवल्यात. त्यांची एक्सेल शीटही आहे (सवय, दुसरं काय). २०२३ च्या ऑक्टोबरात मी इथे ओहायोत, कोलंबसजवळ, १९९७ ची फोर्ड रेंजर २,६०० डॉलरला घेतली. कर आणि कागदपत्रं २२५. आजवरचे सुटे भाग १,७४०. हत्यारं ६१०. गॅरेजचं एकच मोठं बिल ८५०, त्याबद्दल शेवटी सांगतो. बेरीज ६,०२५. एवढ्यात एखादी बऱ्यापैकी पळालेली कोरोला आली असती, तिचा एसी चालला असता आणि माझे शनिवार मोकळे राहिले असते.

तरीही माझं मत असं की आपल्यापैकी ज्याला शक्य आहे त्याने एकदा तरी ही उठाठेव करावी. 'आपल्यापैकी' म्हणजे कोण? पगार बरा, डिग्री इंजिनिअरिंगची, आणि दिवसभर ज्या सिस्टिमवर काम करतो ती आतून नक्की कशी चालते हे कुणालाच, अगदी आर्किटेक्ट म्हणवणाऱ्यालाही, धड सांगता येत नाही असे लोक.

आधी घरची प्रतिक्रिया सांगतो, कारण खरा मुद्दा तिथेच दडलाय. सांगलीला फोन केला.

"टेम्पो घेतलास?" बाबा.

"पिकअप म्हणतात बाबा इथे."

"मागे हौदा आहे ना? मग टेम्पोच तो."

आईने फोन घेतला. "अरे, एवढा शिकून तिकडे भाजी विकायची आहे का तुला?"

आईचं चूक म्हणता येत नाही. आपल्याकडे हौदा असलेली गाडी म्हणजे मार्केट यार्ड, पहाटेचे टोमॅटोचे क्रेट, पिवळी नंबर प्लेट आणि मागे लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद'. ती चालवणारा वेगळा आणि आपण वेगळे. इथे मात्र शेजारचा वकीलसुद्धा एफ-१५० घेऊन ऑफिसला जातो, हौद्यात आयुष्यात कधी माती पडलेली नसते. दोन्ही बाजूंना गंमतच आहे. पण आपल्याकडची गंमत जरा जास्त टोचते, कारण तिच्यात एक अलिखित नियम आहे: इंजिनिअर झाला म्हणजे आता हात काळे करायचे नाहीत, हात काळे करणाऱ्याला बोलवायचं.

मी बी.ई. मेकॅनिकल आहे. (हो हो, आणि काम जावाचं. महाराष्ट्रात हा विनोद आता विनोदही राहिलेला नाही.) चार वर्षांत ऑटो सायकलची आकृती किती वेळा काढली असेल याची गणती नाही. पी-व्ही डायग्राम, एअर स्टँडर्ड एफिशियन्सी, सगळं तोंडपाठ. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून काटकोनात बसवायचे असतात, आणि अर्धा वर्ग तो जॉब तिथल्या हेल्परला चहापाणी देऊन करून घेतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात शिकलेल्याला वेगळं सांगायला नको. पण चालू गाडीतून स्पार्क प्लग काढून, त्याच्या टोकाचा रंग बघून आत काय चाललंय ते ओळखणं, हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं. सव्वीस वर्षांच्या पोराने तो पहिल्यांदा ओहायोत, मित्राच्या गराजमध्ये, यूट्यूब बघत बघत काढला. आणि रेंजरचं हे २.३ लिटरचं इंजिन असं अवलिया आहे की सिलिंडर चार, पण प्लग आठ! प्रत्येक सिलिंडरला दोन.

आता जुनी म्हणजे किती जुनी घ्यावी? माझं उत्तर ठाम आहे: अमेरिकेत घेत असाल तर १९९६ ते साधारण २००५ यांच्या मधली. १९९६ च्या मॉडेलपासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ओबीडी-२ सक्तीचं झालं. म्हणजे स्टिअरिंगखाली एक ठरावीक आकाराचं सॉकेट, त्यात वीस डॉलरचं यंत्र खुपसलं की गाडीचा काँप्युटर सांगतो त्याला काय दुखतंय. त्याआधीच्या गाड्या बोलत नाहीत, किंवा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या भाषेत बोलतात. त्यानंतरच्या गाड्या हळूहळू फार बोलायला लागल्या, आणि मग 'तू कोण विचारणारा?' असंही म्हणायला लागल्या. हल्लीच्या कित्येक गाड्यांत नवा भाग बसवला की कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याची ओळख करून दिल्याशिवाय तो चालतच नाही. म्हणजे भाग तुमचा, गाडी तुमची, हात तुमचे, आणि परवानगी तिसऱ्याची. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून दुरुस्तीच्या माहितीच्या हक्काचा कायदा आणला तो काही उगाच नाही. मधली ही दहा वर्षं मात्र अशी होती की गाडी लॉग दाखवायची, पण अडवायची नाही. माझ्या मते गाड्यांच्या इतिहासातला हा सगळ्यात सभ्य काळ.

याचं एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो. घेतल्यावर तीनच आठवड्यांत 'चेक इंजिन'चा दिवा लागला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. जालावर शोधलं की शंभर जण शंभर भाग बदलायला सांगतात: ऑक्सिजन सेन्सर बदल, फ्युएल पंप बदल, इंजेक्टर बदल. हे म्हणजे प्रॉडक्शनवर बग आला की सर्व्हर बदला म्हणण्यासारखं. कोड हा निदान नसतो, तक्रार असते. मग काय करायचं? काँप्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा यंत्रात दिसतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. गाडी उभी, इंजिन नुसतं चालू, तेव्हा आकडा अधिक २२ टक्के. ॲक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमला धरून ठेवला की अधिक ५.

इथे माझी ट्यूब पेटली. पंप किंवा फिल्टर दमला असता तर उलट झालं असतं, जास्त पेट्रोल मागितल्यावर तुटवडा वाढला असता. इथे तर इंजिन निवांत असतानाच त्रास. म्हणजे कुठूनतरी हवा चोरून आत येतेय. इंजिनात शिरणारी हवा एका सेन्सरवरून मोजून जाते, पण त्या सेन्सरच्या पुढे नळीला चीर असेल तर तिथून शिरलेली हवा कुणीच मोजत नाही. इंजिन निवांत असताना एकूण हवाच कमी लागते, त्यात ही चोरटी हवा फार मोठा वाटा ठरते. वेग वाढवला की मोजलेली हवा इतकी वाढते की चोरी नगण्य होते. रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवलं. मागच्या बाजूला सूऽऽऽ असा बारीक आवाज. बोटभर व्हॅक्यूमची नळी, सव्वीस वर्षांच्या उष्णतेने वाळून चिरलेली. नवी नळी चार डॉलर. दुसऱ्या दिवशी ट्रिम अधिक २.

ऑफिसात गेल्या पाच वर्षांत मी इतकं स्वच्छ डीबगिंग केलेलं नाही. तिथे बग सापडतो तेव्हा तो आपल्या टीमचा नसतो, ज्या टीमचा असतो ती दुसऱ्या खंडात झोपलेली असते, आणि सकाळी कुणीतरी सर्व्हिस रिस्टार्ट केलेली असते. प्रश्न सुटतो, कळत काहीच नाही. इथे लक्षणापासून कारणापर्यंतची पूर्ण साखळी एका माणसाच्या डोक्यात मावते. मला वाटतं आपल्या पिढीला अशा मावणाऱ्या गोष्टींची भूक आहे, आणि ती आपण चुकीच्या दुकानात भागवतोय. दोन हजारांचा कॉफीचा दळणयंत्रसंच घेऊन.

असो. घ्यायचीच असेल तर काय बघायचं? इंजिन नंतर, आधी गंज. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडी खालून खातं. वरून चकाचक दिसणारी गाडी खाली बिस्किटासारखी असू शकते. जुन्या कपड्यांत जा, गाडीखाली सरपटा, चासीवर छोटी हातोडी मारा. टणटण वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर नमस्कार करून निघा, कितीही स्वस्त असो. मागचे पाटे जिथे चासीला अडकतात ते जोड बघा. आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या. या गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणात मागच्या बाजूला रबराची तीन बुचं असतात. ती वाळली की तेल थेंबथेंब बाहेर जातं, खाली डागही धड पडत नाही, आणि एक दिवस गिअरबॉक्स कोरडा पडून जाम होतो. त्यात कुणाचा दोष नाही, पंचवीस वर्षं रबर टिकलं हेच पुष्कळ. बोट फिरवून ओलं लागतंय का बघा, बस.

विकणारे आजोबा निवृत्त प्लंबर होते. त्यांच्याकडे वही होती, प्रत्येक ऑईल बदलाची तारीख आणि मैल पेन्सिलीने लिहिलेले. मी किमतीत घासाघीस केली नाही, ती वहीच शंभर-दोनशे डॉलरची होती. ओहायोत मालकीच्या कागदावर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या बँकेत गेलो. परत येताना व्हिन नंबर नीट बघितला. त्यातलं अकरावं अक्षर कारखाना सांगतं. माझ्या गाडीचं 'टी', म्हणजे एडिसन, न्यू जर्सी! एडिसन म्हटलं की आपल्याला ओक ट्री रोड, पाणीपुरी आणि साड्यांची दुकानं आठवतात. त्याच गावात १९४८ पासून फोर्डचा कारखाना होता, आणि तो २००४ मध्ये बंद झाला. म्हणजे काही वर्षं असं असणार की एका रस्त्यावर देसी मंडळी वाणसामान भरतायत आणि काही मैलांवर या पिकअप बाहेर पडतायत. एकमेकांशी संबंध शून्य.

आता रंगाबद्दल माझं एक स्पष्ट मत आहे, पटलं नाही तरी चालेल. जुन्या गाडीवर पहिला पैसा ब्रेक आणि स्टिअरिंगवर, दुसरा टायरवर, तिसरा इंजिनवर. रंगावर कधीच नाही. इन्स्टावर खटारा घेऊन तो आरशासारखा करणारे जे लोक दिसतात ते वेगळं काम करतायत, ते दागिना घडवतायत. माझ्या गाडीच्या डाव्या दारावर एक लांब ओरखडा आहे, तो तिथेच राहणार. ब्रेकच्या नळ्या मात्र मी सगळ्या बदलल्या. निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूची नळी गुंडाळीने मिळते, हाताने वाकते आणि गंजत नाही. टोकाला दुहेरी घडी पाडायचं हत्यार इथे भागांच्या दुकानात अनामत ठेवून फुकट मिळतं, परत केलं की पैसे परत. शेवटी नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली नटाशी, एक वर पेडलवर. डब्लिनमध्ये (आयर्लंडमधलं नव्हे, कोलंबसचं उपनगर) मित्राच्या ड्राइव्हवेवर अर्धा तास आमचं मोठमोठ्याने चाललं होतं: "दाब! धर... धर... सोड!" समोरची बाई दोनदा पडदा सरकवून बघून गेली. :)

माझ्या अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे, बहुतेक ठिकाणी असते. तेव्हा गराजवाला मित्र ही या छंदाची पहिली अट. दुसरी म्हणजे वाचनालयाचं कार्ड. इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर चिल्टनची दुरुस्ती-पुस्तकं ऑनलाइन फुकट वाचता येतात.

पुण्यातले मित्र विचारतात, इथे हे जमेल का? तिथली मालवाहू पिकअप म्हणजे परमिट, फिटनेस आणि पिवळी पाटी, हौसेचं काम नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पुन्हा करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी, आणि कारसाठी ती फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. मी तिथे असतो तर जुनी चेतक घेतली असती. तत्त्व तेच, जागा कमी लागते, आणि भाग मिळवायला जुना बाजार आहेच.

बरं, छोटी पिकअपच का? कारण नवी छोटी मिळतच नाही जवळपास. याच्या मुळाशी कोंबडी आहे, खरंच. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकन कोंबड्यांवर जबर कर लावला, त्याचा बदला म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण कधीच विसरलं गेलं, कर मात्र साठ वर्षं उलटली तरी गेलेला नाही. पुढे मायलेजचे नियम असे आले की चार चाकं जमिनीवर जेवढी जास्त जागा व्यापतात तेवढं बंधन सैल. २०११ च्या मॉडेलपासून ते सगळ्याच हलक्या ट्रकना लागू झाले. मग कुठली कंपनी छोटा ट्रक बनवेल? त्याच वर्षाच्या शेवटी रेंजर अमेरिकेत बंद झाली. २०१९ मध्ये त्याच नावाने परत आली ती चांगली गरगरीत होऊन. लेगसी कोडमध्ये अशा कॉमेंट्स सापडतात ना, 'हे का आहे माहीत नाही, काढू नका', तसलं हे कोंबडीचं प्रकरण.

सगळ्यात नाजूक मुद्दा मागे ठेवला होता. व्हिसा. एच-१बीवर नोकरी गेली की हातात साधारण ६० दिवस असतात. हा नियम २०१७ पासून आहे आणि आम्हा सगळ्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्याची सावली आहे. सोफा घेताना विचार: विकता येईल का? टीव्ही मोठा नको, नेता येणार नाही. गाडी? लीजवर, किंवा रीसेल चांगली म्हणून कॅमरी. दहा-दहा वर्षं लोक हॉटेलात राहिल्यासारखे राहतात. शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ ला, एक लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली तेव्हा रात्रभर फोन चालू होते. भारतात सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानाने परत निघत होते. शनिवारी खुलासा आला की ती फक्त नव्या अर्जांना आहे. तो शनिवार मी आठ प्लग बदलण्यात घालवला. त्यातले चार इनटेकच्या बाजूला असे अडचणीत आहेत की हात कोपरापर्यंत सोलवटतो. ग्रुपवर दर मिनिटाला नवी अफवा येत होती आणि मी फोन गाडीच्या टपावर ठेवून गोटी पाना फिरवत होतो. त्या दिवशी माझ्या हातात असलेली एकमेव गोष्ट तीच होती.

हिशोबाच्या दृष्टीनेही बघा. २,६०० ची गाडी उद्या निघताना २,६०० ला जाईल, तिची किंमत उतरायची ती कधीच उतरून झालीय. सुटे भाग आणि शनिवार परत मिळणार नाहीत, पण नव्या गाडीच्या लीजचे महिन्याचे चारशे-पाचशे तरी कुठे परत मिळतात? आणि तात्पुरत्या माणसाने कायमची काळजी घेऊ नये असा कुठे नियम आहे? मी इथे किती दिवस आहे ते वॉशिंग्टन ठरवेल. ब्रेकची नळी किती दिवस टिकेल ते मी ठरवलंय.

आता ते ८५० चं बिल. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्याचा खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आतल्या बाजूला बसवलेला आहे. तो बदलायचा तर पूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ज्याने ही रचना केली त्याने ती स्वतः जमिनीवर झोपून कधी खोलली नसावी असं माझं प्रामाणिक मत. जॅकस्टँडवरच्या गाडीखाली आडवं होऊन एवढं धूड छातीवर घेणं हा शूरपणा मला मान्य नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात क्लच गेला तेव्हा सरळ गॅरेजमध्ये दिली. विम्यामुळे गिऱ्हाइकाला आत उभं राहू देत नाहीत, तेव्हा काचेतून बघितलं. गाडी लिफ्टवर वर, गिअरबॉक्स खास जॅकवर खाली, जुनी प्लेट बाहेर, फ्लायव्हीलवर बोट फिरवून बघणं, नवी प्लेट मधोमध बसवणं, आणि परत सगळं वर. एकदाही घाई नाही, एकदाही हत्यार शोधणं नाही. साडेचार तास. भाग २६५ चे आणि मजुरी तासाला १३०. आमची कंपनी क्लायंटला माझ्या तासाचे यापेक्षा कमी लावते, आणि तो फरक मला बरोबर वाटतो.